आश्रयाच्या शोधात रॉक : ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’पासून ‘इंडस क्रीड’पर्यंत

पाश्चात्त्य रॉक संगीताची ‘स्टोनर रॉक’ ही शाखा १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी प्रदेशात नावारूपाला आली. पाम डेझर्ट परिसरातील ‘कायस’ हा गट वस्तीपासून दूर, उघड्या माळावर जनरेटर लावून वाजवत असे, आणि त्याचा ‘ब्लूज फॉर द रेड सन’ (१९९२) हा संग्रह या शाखेच्या आरंभीच्या प्रमुख कृतींपैकी एक मानला जातो. मंद किंवा मध्यम लय, नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली उतरवलेली गिटार, पुन्हा पुन्हा घोळवले जाणारे एकच जड स्वरवाक्य, ज्याला रॉकच्या परिभाषेत ‘रिफ’ म्हणतात, आणि गिटारचा विद्युत्-संकेत मुद्दाम विस्कटून मिळवलेला ‘फझ’ नावाचा घोगरा नाद ही या संगीताची लक्षणे होत. गांजाच्या नशेशी जोडलेले ‘स्टोनर रॉक’ हे नाव नंतर आले असले, तरी या शाखेची मुळे १९७० च्या आसपासच्या ‘सायकेडेलिक’ म्हणजे चित्तभ्रमाचा अनुभव नादातून उभा करू पाहणाऱ्या रॉकमध्ये आणि इंग्लंडच्या ‘ब्लॅक सॅबथ’सारख्या गटांच्या जड वादनात होती.

ही मुळे ज्या काळात पाश्चात्त्य देशांत रुजत होती, त्याच काळात ती मुंबईतही पोहोचली होती. तेथे जड आणि सायकेडेलिक रॉक वाजवणारे गट होते, त्यांना ऐकणारा छोटा पण निष्ठावान श्रोतृवर्ग होता, आणि किमान एका गटाची दीर्घ ध्वनिमुद्रिकाही निघाली. तरीही या आरंभातून अखंड परंपरा निर्माण झाली नाही. प्रत्येक पिढीला जणू पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. याचे कारण गुणवत्तेच्या किंवा श्रोत्यांच्या अभावात शोधण्याची प्रथा आहे. परंतु १९७० ते २०१२ या काळातील मुंबईच्या रॉक गटांची वाटचाल क्रमाने पाहिली, तर खरे कारण आश्रयाच्या स्वरूपात सापडते. हे संगीत कधी सिगारेट कंपनीच्या, कधी इंग्रजी रंगभूमीच्या, कधी महाविद्यालयांच्या, तर कधी उपग्रह वाहिनीच्या आधाराने जगले, आणि त्यांपैकी कोणाचाही मुख्य हेतू हे संगीत जगवणे हा नव्हता.

मुंबईत इंग्रजी गाणी वाजवणारे ‘बीट ग्रूप’ १९६० च्या दशकात उदयाला आले. ‘बीटल्स’ आणि ‘शॅडोज’ यांच्या प्रभावाखाली तीन गिटार आणि एक ड्रमसंच अशी त्यांची रचना ठरून गेली होती, आणि ‘सॅव्हेजेस’, ‘मिस्टिक्स’, ‘कंबस्टिबल्स’ हे मुंबईचे गट त्यांत आघाडीवर होते. त्यांतील वादक प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती, पारशी आणि अँग्लो-इंडियन समाजांतून येत. पाश्चात्त्य वाद्ये या समाजांच्या घरांत, चर्चमध्ये आणि शाळांत आधीपासून होती. चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत तर गोमंतकीय वादकांचे स्थान मध्यवर्ती होते. मराठी मध्यमवर्गाला हे संगीत परके वाटे आणि गिरगाव-दादरच्या सांस्कृतिक जीवनात त्याला जागा नव्हती. आकाशवाणी, चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका या तिन्ही माध्यमांवर चित्रपटगीतांचे वर्चस्व असल्यामुळे या गटांना उपाहारगृहे, जिमखाने आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांवर अवलंबून राहावे लागे. ‘भूमिगत’ हे विशेषण त्यांना लावायचे ते याच अर्थाने. त्यांच्यावर बंदी नव्हती, परंतु प्रसाराची कोणतीही मोठी वाहिनी त्यांच्यासाठी खुली नव्हती.

या पोकळीत पहिला मोठा आश्रयदाता उतरला तो तंबाखूच्या व्यवसायातून. इंपीरियल टोबॅको कंपनीने, जी १९७० मध्ये इंडिया टोबॅको कंपनी झाली, आपल्या ‘सिमला’ या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी ‘सिमला बीट’ ही अखिल भारतीय स्पर्धा भरवली, आणि तीत गाजलेल्या गटांच्या गाण्यांच्या ‘सिमला बीट ७०’ व ‘सिमला बीट ७१’ अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. आज त्या ऐकताना प्रथम जाणवते ती फझ गिटारची सढळ योजना. देशाच्या निरनिराळ्या शहरांतील तरुणांनी परदेशी तबकड्या कानांनी उतरवून घेत, हाती असलेल्या तुटपुंज्या साधनांवर तो नाद साधला होता. कंपनीच्या दृष्टीने ही जाहिरात होती, आणि जाहिरातीचे उद्दिष्ट बदलताच अशा उपक्रमाचे प्रयोजन संपत असते. तरीसुद्धा भारतीय सायकेडेलिक रॉकचा सर्वांत जुना संघटित पुरावा या दोन तबकड्यांमुळेच टिकला, हे नाकारता येत नाही.

साधनांचा प्रश्न त्या काळात किती कठीण होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय या गटांच्या कामाचे मोल कळत नाही. आयात-नियंत्रणाच्या काळात परदेशी गिटार किंवा ॲम्प्लिफायर, म्हणजे वाद्याचा क्षीण विद्युत्-संकेत वाढवून ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचवणारे यंत्र, विकत घेणे सामान्य तरुणाच्या आवाक्याबाहेरचे होते. प्रवासी, खलाशी, विमान कंपन्यांतले कर्मचारी किंवा परतीच्या भाड्यासाठी सामान विकणारे हिप्पी यांच्याकडून वाद्ये मिळवली जात, नाहीतर कोलकात्यात बनणारी ‘गिव्हसन’ गिटार आणि स्थानिक कारागिराकडून जुळवून घेतलेला ॲम्प्लिफायर यांवर भागवले जाई. जड रॉकचा सारा परिणाम नादाच्या घनतेवर आणि पातळीवर अवलंबून असतो. त्यामुळे साधनांची ही टंचाई मधुर गीते वाजवणाऱ्या गटापेक्षा या गटांना अधिक जाचक ठरली.

हिप्पींचा उल्लेख केवळ वाद्यांपुरता नाही. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतात येणाऱ्या या तरुणांचा प्रवास अनेकदा मुंबईहून गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर संपे, आणि त्यांच्यासोबत नव्या तबकड्या, नवे पोशाख आणि उघड्यावरच्या संगीतमेळ्यांची कल्पना येई. लोणावळ्याजवळ मळवली येथे १९७१ मध्ये भरलेली ‘स्नेहयात्रा’ हा अमेरिकेतील १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाच्या धर्तीवर केलेला प्रयत्न होता. कार्ले-भाजे लेण्यांच्या पंचक्रोशीत विजेच्या गिटारांचा मेळा भरावा ही घटना महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात अपवादात्मक होती, आणि अपवादच राहिली. पुढील वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. चित्रपटसंगीतातील वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले, जे अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले. आणि एका रात्री कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या लहानशा डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांच्या साथीने, त्यांच्याच वाद्यांवर ते वाजवून गेले. जगातील सर्वांत मोठ्या रॉक गटांपैकी एकाचे कलावंत मुंबईत जाहीर मैफलीविना, मूठभर लोकांसमोर वाजवून परततात, यातून त्या शहरातील रॉकचे आकारमान आणि त्याची जागतिक संगीताशी असलेली जवळीक या दोन्ही गोष्टी एकदमच कळतात.

याच वातावरणात कीथ कांगा यांच्या पुढाकाराने ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा गट उभा राहिला. कांगा बास गिटार, म्हणजे खर्जातील स्वरांनी लयीचा पाया धरून ठेवणारी गिटार, वाजवत. मधुकर चंद्र धास हे गायक आणि नील चट्टोपाध्याय हे प्रमुख गिटारवादक होते. जिमी हेंड्रिक्स आणि ‘डीप पर्पल’ यांच्या गाण्यांची ऊर्जा, ‘फंक’ नावाच्या अमेरिकी कृष्णवर्णीय नृत्यसंगीतातील तुटक, उसळता ठेका आणि फझ गिटारचे लांबत जाणारे आलाप यांचे मिश्रण या गटाच्या वादनात होते. सदस्य बदलत राहिले, गट मोडत-जुळत राहिला, पण १९७० च्या दशकातील मुंबईच्या जड रॉकचे प्रतिनिधित्व पुढच्या काळात याच नावाकडे आले.

या पिढीला दुसरा आश्रय मिळाला तो रंगभूमीचा. अँड्रू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक-संगीतिका या प्रकारातील नाटक ॲलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत रंगमंचावर आणले. अशा नाटकात संवादांचे काम गाणी करतात आणि रंगमंचामागे पूर्ण रॉक गट लागतो. धास यांनी येशूची आणि नंदू भेंडे यांनी जूडासची भूमिका केली. रॉक गायकाला प्रकाशयोजना, नियमित तालमी, तिकीट काढून आलेला आणि गाणे शांतपणे ऐकणारा प्रेक्षक या गोष्टी मुंबईत प्रथम अशा रीतीने मिळाल्या त्या नाटकामुळे. डिस्कोथेकमध्ये नाचणाऱ्यांच्या गर्दीला साथ देणे आणि नाट्यगृहात एक भावस्थिती अखेरपर्यंत पेलणे यांत जो फरक आहे, तो या कलावंतांनी या काळात आत्मसात केला.

नंदू भेंडे यांचा येथील उल्लेख मराठी वाचकाला विशेष महत्त्वाचा आहे. मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या दांपत्याचे ते चिरंजीव. ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा रॉक गटांतून त्यांचा आवाज घडला होता. पु. ल. देशपांडे यांनी बर्टोल्ट ब्रेश्टच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे ‘तीन पैशाचा तमाशा’ हे मराठी रूप लिहिले आणि १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले, तेव्हा अंक्याच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. मूळ नाटकातील कुर्ट वाइलचे संगीत बाजूला ठेवून मराठी प्रयोगात लावणी, नाट्यपद आणि रॉक असे वेगवेगळे गायनप्रकार पात्रानुसार योजले गेले, आणि भेंडे यांच्या रॉक गायकीला तेथे नाट्यार्थ मिळाला. अंक्याचा बेदरकारपणा त्या आवाजाच्या पोतातूनच उभा राहिला. मुंबईच्या इंग्रजी डिस्कोथेकमधून निघालेला हा नाद मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचला तो रॉक म्हणून नव्हे, तर नाटक म्हणून. भेंडे पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या संगीताकडे वळले. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) या चित्रपटातही त्यांचा आवाज आहे. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’च्या वाट्याला नाटकाइतके सुदैव ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आले नाही. गटाची एकमेव दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘ऑब्सेशन ७७’ ही तिच्या नावाप्रमाणे १९७७ च्या सुमाराची, परंतु म्युझिक इंडिया कंपनीने ती बाजारात आणली १९८१ मध्ये. या मधल्या काळात श्रोत्यांची अभिरुची बदलली होती. डिस्कोची लाट आली होती, आणि नाझिया हसनच्या आवाजातील ‘कुर्बानी’ (१९८०) चित्रपटातील गीताने हिंदी संगीताची दिशा फिरवली होती. तबकडीत परदेशी गाण्यांच्या पुनराविष्कारांचा, म्हणजे रॉकच्या बोलीत ‘कव्हर’चा, भरणा मोठा होता, आणि गटाच्या प्रत्यक्ष वादनातला रांगडेपणा तीत पुरता उतरला नव्हता. तिचा खप नगण्य राहिला आणि गट इतिहासजमा झाला.

मात्र तबकडी टिकली. जुन्या, दुर्मीळ तबकड्या धुंडाळणाऱ्या परदेशी संग्राहकांच्या हाती ‘ऑब्सेशन ७७’ पडली, तेव्हा १९७० च्या दशकातील भारतातून आलेला हा फझ-नाद त्यांना अनपेक्षित होता. लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने २०११ मध्ये तिचे पुनर्प्रकाशन केले. ज्या शहरात हे संगीत जन्मले, तेथे त्याची आठवण समवयस्कांच्या गप्पांपुरती उरली होती. त्याचे संकलन, शुद्धीकरण आणि इतिहासलेखन कॅलिफोर्नियात झाले. भारतातील लोकप्रिय संगीताच्या जतनाची व्यवस्था चित्रपटांच्या बाहेर जवळजवळ नसल्याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

आश्रयाचे तिसरे पर्व महाविद्यालयांचे आणि खुल्या रंगमंचाचे होते, आणि त्याने सर्वांत दीर्घायुषी गट दिला. महेश तिनईकर, मार्क सेल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ स्थापन केला; पुढे उदय बेनेगल हे गायक त्याचा चेहरा झाले, तर जयेश गांधी, झुबिन बालापोरिया आणि मार्क मेनेझिस यांच्यासह गटाची सर्वांत परिचित जुळणी तयार झाली. या गटाचे संगीत ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’इतके धूसर आणि विस्कटलेले नव्हते, त्याचा कल घोटीव हार्ड रॉककडे होता, पण त्याने एक निर्णायक पाऊल उचलले. कव्हर वाजवून मिळणारी हमखास दाद बाजूला सारून त्याने स्वतःची गाणी श्रोत्यांपुढे ठेवली. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे स्वरचित गाण्यांचे संग्रह निघाले, आणि देशभरच्या अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांच्या संमेलनांतून गटाचे दौरे होऊ लागले.

या काळात मुंबईत रॉकचे केंद्र होते धोबी तलाव येथील रंगभवन. सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या या खुल्या नाट्यगृहात १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला होता, आणि १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक मेळा तेथेच वाढला. माफक तिकीट, मध्यवर्ती जागा आणि स्थानकांपासून पायी जाण्याजोगे अंतर यांमुळे उपनगरांतील मराठी तरुणही येथे येऊ लागले आणि रॉकचा श्रोता प्रथमच दक्षिण मुंबईच्या सधन, इंग्रजी वर्तुळाबाहेर पसरला. रंगभवनाचा हा परिणाम कोणत्याही एका ध्वनिमुद्रिकेपेक्षा मोठा होता.

उपग्रह वाहिन्यांनी १९९१ नंतर चौथा आश्रय देऊ केला. स्टार टीव्हीच्या जाळ्यातून एमटीव्ही भारतात दिसू लागले आणि चित्रफिती नसलेल्या गटाला अस्तित्वच नाही, अशी स्थिती अल्पावधीत आली. ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, आपल्या संगीतात भारतीय तालवाद्यांचा आणि स्वरांचा वावर वाढवला, आणि ‘प्रीटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला त्याच वर्षी एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. परंतु त्याच वाहिनीने काही वर्षांत हिंदी पॉप आणि चित्रपटगीतांची वाट धरली, कारण जाहिरातदाराला लागणारा प्रेक्षक तिकडे होता. ‘इंडस क्रीड’चा संग्रह १९९५ मध्ये निघाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, गट विसर्जित झाला. बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा नवा प्रकल्प उभारला.

रंगभवनाचा अस्त याहून अधिक परिणामकारक ठरला. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो, आणि महाविद्यालय व रुग्णालये शेजारी असलेले रंगभवन या कक्षेत आले. २००३ च्या सुमारास तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. नियमामागील लोकहित निर्विवाद होते. उणीव होती ती पर्यायी जागेची. त्यानंतर रॉकचे कार्यक्रम दूरच्या मैदानांत किंवा मद्य विकणाऱ्या क्लबांत गेले, तिकिटे महागली, आणि अल्पवयीन विद्यार्थी, जो नेहमीच या संगीताचा खरा नवा श्रोता असतो, दाराबाहेर राहिला.

‘इंडस क्रीड’ २०१० मध्ये नव्या जुळणीसह पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह काढला. त्याच वर्षी बंगळूरच्या ‘बेवर सी’ या गटाचा पहिला संग्रह आला, ज्याची मंद, जड, फझने माखलेली गाणी खऱ्या अर्थाने स्टोनर रॉकची होती. मुंबईतही ‘डर्ज’सारखा गट याच जड वळणाचे संगीत घेऊन पुढे आला. या नव्या गटांचे आदर्श मुख्यतः ‘ब्लॅक सॅबथ’ आणि अमेरिकी गट हे होते. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात फझ गिटार वाजली होती, ही परंपरा त्यांच्यापर्यंत हातोहात पोहोचली नव्हती, कारण ती पोहोचवणारी संस्थाच मध्ये नव्हती.

आश्रयाचे वेगळे स्वरूप पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे वळता येते. विदर्भातील पारशिवनी, रामटेक आणि त्यांच्या पूर्वेकडील भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव ‘मंडई’ नावाचा मेळा भरतो आणि रात्रभर दंडार किंवा खडी गंमत असे लोकनाट्य चालते. खडी गंमत हा शाहीर, ढोलकीवाला आणि स्त्रीवेषातील नाच्या यांनी उभ्याने सादर करायचा विदर्भाचा लोकनाट्यप्रकार आहे. त्याचे कलावंतही ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांच्या बाहेरच राहिले, त्यांची आर्थिक स्थिती मुंबईच्या रॉक वादकांपेक्षा कितीतरी हलाखीची होती, आणि दूरचित्रवाणीचा फटका त्यांनाही बसला. तरी हा प्रकार टिकून राहिला, कारण त्याची तारीख गावाच्या वार्षिक व्यवहारात नेमलेली आहे. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, बाजार भरतो आणि गंमत होते. एखादा शाहीर थांबला तरी मंडई थांबत नाही, म्हणून दुसऱ्याला जागा मिळते. मुंबईच्या रॉकला अशी नेमलेली जागा आणि तारीख मिळाली ती फक्त रंगभवनात, आणि तीही जेमतेम दोन दशके.

या इतिहासावरून काढायचा निष्कर्ष असा की एखाद्या गटाची दीर्घ कारकीर्द ही त्याच्या चिकाटीइतकीच त्याच्या शहराची निर्मिती असते. सिगारेट, नाटक, संमेलन आणि वाहिनी यांनी मुंबईच्या रॉकला आलटून पालटून हात दिला, पण प्रत्येकाने आपला हेतू सरताच तो काढून घेतला. ‘इंडिपेंडन्स रॉक’ जवळजवळ दशकभराच्या खंडानंतर २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा भरला, तेव्हा त्याच्या नावाआधी एका वाहन-उद्योगाचे नाव होते. रंगभवनासारखी सार्वजनिक, स्वस्त आणि कायमची जागा मात्र या संगीताला शहराने अद्याप दिलेली नाही.